धुतलेल्या हाताचा आकडा

"तीनशे बारा!"

माईकवरून आकडा घुमला आणि सभागृहातल्या सहाशे माणसांनी एकदम 'अरेरे' केलं. स्टेजवर आमच्या ताईच्या गल्लीतले शिंपीकाका मान खाली घालून उभे होते, जणू रक्तातली साखर वाढली म्हणजे कुणाच्या घरी चोरीच केली. त्यांच्या शेजारी पांढरा कोट घातलेला, कोरीव दाढीचा एक माणूस मंद मंद हसत होता. याला लोक थेंबगुरू म्हणत.

"घाबरू नका, काका," थेंबगुरू म्हणाला. "आजवर तुम्ही साखरेला घाबरलात. आजपासून साखर तुम्हाला घाबरणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग तो वळला स्टेजच्या मधोमध उभ्या केलेल्या काचेच्या नळीकडे. चांगली पुरुषभर उंचीची नळी, मधला भाग सोनेरी कागदानं गुंडाळलेला. शिडीवर चढून त्यानं वरून कसल्याशा पाल्याचा काळपट हिरवा रस ओतला. सभागृह श्वास रोखून बघत राहिलं. थोड्या वेळानं खालच्या तोटीतून एक थेंब पडला. नितळ, पाण्यासारखा स्वच्छ.

"वर मळ, खाली बळ!" तो गरजला. "वर नुसता पाला, खाली शुद्ध पेप्टाइड! बड्या कंपन्या जे यंत्रानं काढतात, ते मी मंत्रानं काढतो. त्यांचं सुईनं टोचावं लागतं, माझं जिभेवर ठेवायचं. पोरांना भोसकणारे ते, कुरवाळणारे आम्ही!"

शिंपीकाकांच्या जिभेवर तीन थेंब पडले. मग त्यांना कोमट 'शुद्धिजला'नं कृतज्ञतेचं हस्तप्रक्षालन करायला लावलं, सात मिनिटं डोळे मिटून बसवलं आणि पुन्हा बोट टोचलं.

"एकशे अडतीस!"

काय सांगू, बायका रडायला लागल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून नाचायला लागला. माझ्या शेजारी बसलेली माझी ताई माझा दंड दाबत म्हणाली, "बघितलंस? आता तरी बोल काही."

मी बोलणार होतेच, पण काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. कारण नळ्या हा माझा धंदा आहे. अकरा वर्षं मी औषधांच्या कारखान्यात काम करते. आमच्याकडे इन्सुलिन तयार होतं. पेशींनी बनवलेल्या गढूळ पाण्यातून ते वेगळं काढायचं, पुन्हा पुन्हा गाळून शुद्ध करायचं, आणि या कामाला भल्यामोठ्या नळ्या लागतात. त्यात बारीक भुकटी ठासलेली असते. वरून मिश्रण सोडलं की त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीनं खाली येतो. बाजारातून घरी येताना कुणी दुकानादुकानापाशी रेंगाळतं, कुणी तडक घर गाठतं, तसंच. आपल्याला हवं ते कधी बाहेर पडतंय हे यंत्राच्या आलेखावर बघायचं, तेवढंच धरायचं, आधीचं आणि नंतरचं टाकून द्यायचं. कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं हे ठरवणारी माणसं असतात, त्यातली मी एक.

म्हणून माझे डोळे त्या नळीलाच चिकटले होते. सोनेरी कागदाखाली काय असेल? कसली भुकटी? पाल्यातून इन्सुलिन कसं येईल? आणि आलं तरी तोंडावाटे घेऊन काय उपयोग? इन्सुलिन म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची साखळी. पोटात गेलं की अंड्यातल्या प्रथिनासारखं पचून जातं, म्हणून तर टोचावं लागतं. हे सगळं मला पक्कं माहीत होतं. पण मग एकशे अडतीस कसे? मीटर आमच्या घरात आहे तसलंच होतं. पट्ट्या सीलबंद पाकिटातून काढल्या होत्या. शिंपीकाका तर अगदी देवमाणूस, ते कशाला सामील असतील!

"पाणी," ताईच्या मांडीवरून आवाज आला.

ही चिंगी, माझी भाची. वय वर्षं नऊ. सहाव्या वर्षी तिला मधुमेह झाला, तो लहान मुलांना होतो त्या प्रकारचा. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. बाहेरून दिलं तर पोर दिवसभर उड्या मारते, नाही दिलं तर जगत नाही, इतका साधा हिशोब आहे. मी दोन महिन्यांनी तिला बघत होते आणि सकाळपासून मनात पाल चुकचुकत होती. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. तासाभरात तिनं पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या. तिला पाणी पाजायला मी खाली वाकले तर तिच्या श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, इन्सुलिन कमी पडलं की येतो तसा.

"ताई, हिची साखर किती होती सकाळी?"

ताई स्टेजकडेच बघत होती. "घरी मोजायचं नसतं. सुई टोचली की थेंबांची साखळी तुटते. गुरुजी इथेच मोजतात."

"आणि इन्सुलिन?"

"दहा दिवस झाले, अर्धंच देतेय. उद्यापासून बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अगं, मरेल ती!"

आजूबाजूच्यांनी 'शूऽऽ' केलं. ताईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परकी कुणीतरी आहे. "तीन वर्षं रोज चार वेळा मी माझ्या पोरीला टोचतेय," ती दात आवळून म्हणाली. "तू नाही टोचलंस. तिचे बाबा बाहेरगावी कामाला, तेही नाही टोचत. ती रडायची तेव्हा तिचे हात मी धरून ठेवायचे. इथे एक माणूस म्हणतोय की नको टोचूस. तर तुझ्या पोटात का दुखतंय? तुझ्या कंपनीला आमची पोर जन्मभर गिऱ्हाईक म्हणून हवीय, म्हणून?"

असं बोलली माझी सख्खी बहीण. चिंगीला उचलून तिथून सरळ पळत सुटावं असं वाटलं. पण आज मी तिला ओढून नेलं असतं आणि उद्या ताईनं पुन्हा थेंब दिले असते, तर मी रोज कुठवर पुरणार होते?

तेवढ्यात चिंगीनं माझी ओढणी ओढली. "मावशी, त्या काकांनी हात नाही धुतले."

"धुतले की गं. आत्ताच बघितलं ना आपण?"

"ते नंतर. पहिल्यांदा मोजलं तेव्हा नाही. संत्रं सोललं आणि तसंच टोचलं. आमच्या सिस्टर किती ओरडतात असं केलं की! एकदा मी जॅमच्या हातानं मोजलं तर साडेतीनशे आले होते. हात धुवून मोजलं तर एकशेवीस."

मी स्टेजकडे बघितलं. आणि मग मला सगळंच दिसलं.

शिंपीकाकांच्या आधी एक टीचरबाई वर गेल्या होत्या, त्यांच्या आधी एक ड्रायव्हर. प्रत्येकाला थेंबगुरूनं सुरुवातीला एक संत्रं दिलं होतं. 'आपल्या हातानं सोला आणि शेजाऱ्याला वाटा. तुम्ही खाऊ नका हं, नाहीतर म्हणाल संत्र्यानं साखर वाढली!' यावर लोक दर वेळी खदाखदा हसत होते. खरंच, कुणी फोडही तोंडात टाकत नव्हतं. पण रस बोटांवर राहत होता. त्याच बोटावर सुई, त्याच बोटाचा रक्ताचा थेंब, आणि थेंबात संत्र्याची साखर. मीटरला काय कळणार ही साखर माणसाची की फळाची? ते मोजून मोकळं. मग मधे थेंब, नळी, मंत्र, डोळे मिटणं असला सगळा तमाशा, आणि त्यात दडवून ठेवलेली एकच खरी गोष्ट: हात धुणं. काकांची साखर पहिल्यापासून एकशे अडतीसच्या आसपास होती, ती त्यांच्या रोजच्या गोळीनं. चढलीच नव्हती, तर उतरेल कशी?

कारखान्यात हातमोजे घातल्याशिवाय मी दरवाजाच्या मुठीलाही हात लावत नाही. आणि इथे नळीकडे आ वासून बसले होते, नऊ वर्षांच्या पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही! नळी उभी केली होती तीच मुळी माझ्यासारख्या शहाण्यांनी नळीकडे बघत बसावं म्हणून.

"कुणाला शंका आहे?" थेंबगुरू विचारत होता. "लाजू नका! शंका घेऊन या, थेंब घेऊन जा!"

"मला आहे," मी उठून ओरडले.

वर गेले. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "किती वर्षं साखर आहे, ताई?"

"चार," मी धडधडीत खोटं बोलले.

त्यानं संत्रं दिलं. मी ते अगदी मन लावून सोललं, फोडी वाटल्या. त्याच्या मदतनीस बाईनं माझं बोट टोचलं आणि त्यानं माईकवर आकडा वाचला, "दोनशे सत्त्याऐंशी!" सभागृहानं माझ्यासाठीही 'अरेरे' केलं. तो तोटीखाली चमचा धरायला वळला तेवढ्यात मी माईक हिसकावून घेतला.

"थेंब नकोत," मी म्हणाले. "मला मधुमेह नाही. कधीच नव्हता. आता फक्त हात धुते."

साबण माझ्या पर्समध्ये असतो. त्याच्याच शुद्धिजलात मी हात खसाखसा धुतले, रुमालानं कोरडे केले, दुसरं बोट पुढे केलं. मदतनीस बाई गोंधळून त्याच्याकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतला नाचणारा म्हातारा म्हणाला, "अगं टोच की! बघू दे!"

चौऱ्याण्णव. तो आकडा मीच माईकवर वाचला.

"आमच्या कारखान्यात कुठलीही चाचणी करण्याआधी एक ब्लँक करतात," मी सांगितलं. "म्हणजे औषध घालायचं नाही, बाकी सगळं जसंच्या तसं करायचं. औषध न घालताही तोच निकाल आला, तर तो निकाल औषधाचा नाही. मी थेंब घेतला नाही, डोळे मिटले नाहीत, सात मिनिटं बसले नाही. जवळपास दोनशे आकडे उतरले ते हात धुऊन!"

थेंबगुरूच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही, इतका कोडगा. "या ताईंच्या शरीरात मूळचीच ऊर्जा आहे," तो म्हणाला. "विज्ञान अजून तिथवर पोचलेलं नाही."

"मग माझ्यावर करा," मागून आवाज आला. शिंपीकाका. ते अजून स्टेजच्या पायरीवरच होते. "मी आत्ताच बरा झालोय ना? एकशे अडतीस. आणा एक संत्रं."

त्यांनी संत्रं सोललं. टोचलं. तीनशे पाच आले. काकांनी त्या आकड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चिकट बोटांकडे, आणि मग अगदी हळू म्हणाले, "तीन रविवार येतोय रे मी तुझ्याकडे. माझ्या बायकोच्या गोळ्या बंद केल्या तुझ्या नादाला लागून."

यावर सगळे शहाणे झाले असं वाटतंय का तुम्हाला? छे! अर्धं सभागृह माझ्यावरच भडकलं. "हिला खाली उतरवा," "कंपनीची माणसं पेरलीत," "चांगलं चाललेलं बघवत नाही." एकानं तर संत्र्याची साल फेकून मारली. फसवणाऱ्यापेक्षा फसवणूक दाखवणाऱ्याचाच लोकांना जास्त राग येतो, हे मी त्या दिवशी सालीसकट अंगावर घेतलं.

त्या गोंधळात ताई कधी वर आली मला कळलंच नाही. तिनं चिंगीला कडेवर घेतलं होतं, नऊ वर्षांच्या मुलीला. ती शुद्धिजलाच्या भांड्यापाशी बसली आणि चिंगीचे हात साबणानं धुवायला लागली. एकेक बोट, नखांच्या कडांसुद्धा. पुसले. मग मीटर स्वतःच्या हातात घेतलं. तीन वर्षं टोचणारा हात तो, तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चारशे शहाऐंशी.

"उद्या उतरेल," थेंबगुरू घाईघाईनं म्हणाला. "मळ बाहेर पडतोय, माउली! ही शुद्धीचीच खूण..."

ताई त्याच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं, आता देते कानाखाली. पण तिनं ते मीटर त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "संत्रं कुठंय? हिनं संत्रं कुठं सोललं?"

उत्तराची वाट बघायला आम्हाला वेळ नव्हता. पायऱ्या उतरता उतरता मी शिंपीकाकांना ओरडून सांगितलं, "काका, त्या नळीत शाई ओता! आणि सोनेरी कागद फाडा!"

पुढचं काकांनी संध्याकाळी हॉस्पिटलात येऊन सांगितलं. दाराशी टोकनांवर शिक्के मारायला ठेवलेली जांभळी शाई त्यांनी पाण्यात कालवून वरून ओतली. खाली नितळ थेंब पडले. कागद फाडला तर आत ठासून भरलेला कोळसा, घरच्या पाणी गाळायच्या यंत्रात असतो तसला. कोळसा रंग धरून ठेवतो, शाईचा काय नि पाल्याचा काय. खाली येतं ते पाणी. सहाशे माणसं तीन महिने रविवारच्या रविवार पाणी चाटत होती आणि त्यासाठी आपली औषधं बंद करत होती.

वॉर्डमध्ये चिंगीच्या हाताला सलाईन होतं, त्यातून इन्सुलिन थेंबाथेंबानं जात होतं. डॉक्टरीणबाईंनी मोजून तीन वाक्यं सांगितली: रक्तात आम्ल साचलंय, वेळेवर आणलंत, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. ताई खाटेच्या कठड्याला धरून उभी होती.

"हे तुम्ही बनवता?" तिनं विचारलं. नजर सलाईनच्या नळीवर.

"हो."

"कसं?"

अकरा वर्षांत हे तिनं पहिल्यांदा विचारलं. आणि अकरा वर्षांत मी ते कधी सांगितलं नव्हतं. घरी काय सांगायचे मी? 'कंपनीत काम असतं.' मग मी सांगितलं. एकेक घाण कशी वेगळी करतो, हाती येतं त्याहून कितीतरी जास्त कसं टाकून देतो. प्रत्येक टप्प्यावर दुसरं कुणीतरी आपलं काम तपासतं. एकाही माणसाला शंका आली तर सगळा माल अडवून ठेवतात आणि त्या माणसाला कुणी रागवत नाही. "कुपीत भरण्याआधी आम्ही त्याच्यावर चाळीस वेळा अविश्वास दाखवतो, ताई. आणि तू त्या माणसावर एका रविवारात विश्वास ठेवलास!"

मी हे फार चिडून बोलले. ती रडली नाही. म्हणाली, "त्यानं मला सांगितलं तरी. तू सांगितलं होतंस का?"

मला तिचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त. भोंदू माणूस स्टेजवर उभा राहून पेप्टाइड पेप्टाइड करत कंठशोष करतो, आणि आम्ही जाणती माणसं आपल्याच घरात गप्प बसतो. रान मोकळं मिळतं त्याला.

शिंपीकाकांनी येताना थेंबगुरूची नोंदवही उचलून आणली होती. ताईनं ती उघडली. चिंगीसारखी इन्सुलिनवरची मुलं त्यात नऊ होती, आयांच्या फोन नंबरांसकट. ताईनं तिथेच भिंतीला टेकून फोन लावायला सुरुवात केली.

"मी बोलतेय, रविवारी तुमच्या मागच्या रांगेत बसते ती. आधी हात धुवा तिचे आणि मोजा. आत्ता. मी थांबते." असं प्रत्येकीला. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. पाचव्या बाईनं सांगितलं, "अहो, आमची तर छान झोपलीय, सकाळपासून पाणीसुद्धा मागितलं नाही. थेंबांनी किती शांत वाटतंय तिला."

"उठवा!" ताई किंचाळली. सगळा वॉर्ड दचकला. "ती झोपलेली नाहीये! उचला आणि इकडे आणा!"

तिला आणलं. सहा दिवस अतिदक्षता विभागात होती, आता घरी आहे. चिंगीही आहे. नवव्या नंबरावर त्या दिवशी कुणी फोन उचलला नाही. ताई लावत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पुरुषानं उचलला. ताईनं तेच सांगितलं, हात धुवा, मोजा. तो सगळं ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "आता कशाला?"

थेंबगुरूला पोलिसांनी धरलं, तो जामिनावर सुटला. दुसऱ्या गावात त्याची नवी नळी उभी राहिल्याचं ऐकतेय. सोनेरी कागदाऐवजी आता कदाचित चंदेरी असेल, संत्र्याऐवजी द्राक्षं असतील. तुमच्या गावात येईल तेव्हा तो माझ्यापेक्षा शंभरपट गोड बोलेल. चिडून बोलणाऱ्या बाईपेक्षा गोड बोलणारा माणूस खरा वाटतो, हे मला माहीत आहे. म्हणून माझं खरं मानू नका. स्वतः करून बघा. हात न धुता मोजा, धुवून मोजा. थेंब न घेता मोजा. जो माणूस म्हणेल की घरी मोजू नका, शंका घेऊ नका, तो का म्हणतो याचा विचार करा. आणि ज्याच्यावर ठेवायचा त्याच्यावर विश्वास ठेवा, पण पोरांचं इन्सुलिन आधी द्या. माझ्याशी भांडायला नंतर या.